मावशीचे सोंग

(लोणावळ्यातील रसिकांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मराठी भाषेने नात्यांचा हिशेब फार काटेकोर ठेवला आहे. आईची बहीण, वडिलांची बहीण, काकांची पत्नी आणि मामांची पत्नी या चौघींना इंग्रजीत एकच शब्द पुरतो. आपल्याकडे चौघींची चार नावे आणि घरात चार वेगळ्या जागा. ‘चार्लीज आंट’ हे इंग्रजी प्रहसन मराठीत आणताना आचार्य अत्र्यांपुढे त्यामुळेच एक प्रश्न उभा होता, जो मूळ नाटककार ब्रॅण्डन टॉमस यांना पडण्याचे कारणच नव्हते. मोरूची कोण? आत्या आली की मानपान आला. काकू बहुधा त्याच घरात वावरणारी; तिच्या जागी परक्याला उभे करणार कसे? मामीचे नाते गोड खरे, पण थोडे अंतर राखून. अत्र्यांनी मावशी निवडली. माय मरो पण मावशी जगो, असे ज्या समाजात म्हटले जाते, तेथे मावशी म्हणून उंबरठ्याच्या आत आलेल्या बाईकडे कोणी पुरावा मागत नाही. नाटकातील सारी बनवाबनवी या एका विश्वासावर उभी आहे.

निवड हेतुपुरस्सर असो वा सहज सुचलेली, ती अचूक होती. कारण साडी नेसलेला पुरुष आणि ‘मावशी’ हा शब्द यांची जोडी मराठी प्रेक्षकाला अत्र्यांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. तमाशात गण झाला की गवळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या, आणि गवळणींची म्होरकी म्हणून पुढे होणारी मावशी. ही मावशी परंपरेने पुरुषच रंगवतो. ती तोंडाळ आहे, धीट आहे. वाट अडवून दही-दुधाचा कर मागणाऱ्या प्रत्यक्ष भगवंताशी ती बाजारातल्या बाईच्या थाटात हुज्जत घालते आणि समोर बसलेला गाव पोट धरून हसतो. तमाशाचे मोठे केंद्र असलेले नारायणगाव याच पुणे जिल्ह्यातले. पाडव्याच्या सुमारास गावोगावची यात्रेची मंडळी तेथील राहुट्यांवर सुपारी द्यायला जातात. मावळच्या लोकांना ही मावशी कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

वारकरी परंपरेतही सोंग आहे. नाथांच्या भारुडातील सासुरवाशीण उभी करताना भारूडकार सर्वांदेखत लुगडे गुंडाळतो, कपाळावर मळवट भरतो, सासू-सासरे-दीर-नणंदेची गाऱ्हाणी मांडतो आणि शेवटी तेच लुगडे बाजूला ठेवून परमार्थाचे सांगतो. मराठीत सोंग आणतात, सोंग वठवतात, आणि सोंग उतरवतातही. यातले तिसरे क्रियापद लक्षात ठेवावे. मोरूच्या मावशीची कथा त्या क्रियापदाशी बांधलेली आहे.

स्त्रीवेषाचा दुसरा प्रवाह नाट्यसंगीताचा, आणि तो हास्याचा मुळीच नव्हता. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले. पुढे भाऊराव कोल्हटकर, त्यांच्यानंतर बालगंधर्व. गंधर्वांनी शालू कसा नेसला, नथ कोणती घातली, याकडे प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांचे लक्ष असे. तेथे पुरुष दिसणे हा दोष होता. याच परंपरेतील एका नटाचे मावळवर मोठे ऋण आहे. विष्णुपंत पागनीस हे एकेकाळचे नावाजलेले स्त्रीपार्टी. १९३६ मध्ये प्रभातने ‘संत तुकाराम’ काढला, तेव्हा तुकोबांच्या भूमिकेत ते उभे राहिले आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी तुकोबांचे मुख म्हटले की तेच मुख डोळ्यांसमोर आणले. आपल्या कुरवंड्याजवळ उगम पावलेली इंद्रायणी ज्या देहूला जाते, त्या देहूच्या महापुरुषाचा चेहरा मराठी मनाला मिळाला तो ज्याने उमेदीची वर्षे साडीत काढली त्या नटाकडून. ज्यांना स्त्रीवेष म्हणजे केवळ थिल्लरपणा वाटतो, त्यांनी पागनीसांचा हा प्रवास जरूर आठवावा.

परंतु १९३०च्या दशकात रंगभूमीचे चित्र पालटले. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले आणि कुलीन घरांतील स्त्रिया रंगमंचावर स्त्रीभूमिका करू लागल्या. हे योग्यच झाले. मात्र त्यामुळे पुरुषाच्या अंगावरील साडीचा अर्थ कायमचा बदलला. नायिका उभी करण्यासाठी आता पुरुषाची गरज उरली नाही; उरले ते फक्त हसू. बालगंधर्वांना पाहताना प्रेक्षकाने आतला पुरुष विसरावा, अशी अपेक्षा होती. मावशी पाहताना तो क्षणभरही विसरता कामा नये. साडी तीच, पण नटाचे काम नेमके उलटे झाले.

आता मूळ प्रहसनाकडे वळू. ‘चार्लीज आंट’ १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये रंगमंचावर आले, त्याच वर्षाअखेरीस लंडनला पोहोचले आणि तेथे त्याचे सलग १,४६६ प्रयोग झाले. त्या काळी तो विक्रम होता. कथा साधी आहे. दोन महाविद्यालयीन तरुणांना दोन मुलींना जेवायला बोलवायचे आहे. घरात वडीलधारी स्त्री असल्याखेरीज मुली येणार नाहीत. एकाची श्रीमंत आंट परदेशातून यायची असते, ती ऐनवेळी येत नाही. मग नाटकाच्या तालमीसाठी म्हातारीचा पोशाख आणलेल्या मित्रालाच दोघे मिळून आंट करतात. पुढे दोन प्रौढ गृहस्थ त्या आंटच्या मागे लागतात. त्यातल्या एकाचे लक्ष सरळसरळ तिच्या पैशावर. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही आपली म्हण या नाटकाने पार खोटी पाडली आहे.

अत्र्यांचे शिक्षण इंग्लंडमध्येही झालेले, पण त्यांचा विनोद सासवडच्या मातीतला. ‘झेंडूची फुले’ लिहिणारा हा माणूस. आणि हेही विसरू नये की ‘श्यामची आई’ पडद्यावर आणून १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारे अत्रे तेच. आई आणि मावशी दोघीही त्यांच्याच घरच्या म्हणावयास हव्यात. या भागाशीही त्यांचा ऋणानुबंध होता. खंडाळ्याला त्यांचा बंगला होता.

मावशीची भूमिका अत्र्यांच्या काळात गाजवली बापूराव माने यांनी. त्यांचे नाव आज नाटकाच्या इतिहासात एका ओळीपुरते उरले आहे. चित्रफितीच्या आधीच्या नटाचे हे प्राक्तनच. ज्यांनी त्यांना पाहिले त्यांच्या आठवणीत ते राहिले, आणि ती पिढी गेली तसे तेही गेले.

१९८५ मध्ये सुधीर भट यांच्या ‘सुयोग’ने हे नाटक पुन्हा उभे केले. दिग्दर्शन दिलीप कोल्हटकरांचे, संगीत अशोक पत्कींचे. प्रशांत दामले आणि प्रदीप पटवर्धन हे दोघे तेव्हा तरुण, घराघरांत पोहोचायचे होते. मावशी झाले विजय चव्हाण. १९५५चा त्यांचा जन्म. लालबागच्या गिरणगावात वाढलेले आणि रुपारेल महाविद्यालयाच्या एकांकिकांतून वर आलेले. विजयाबाई मेहतांच्या ‘हयवदन’मध्ये त्यांनी काम केले होते, ‘टूरटूर’सारख्या धमाल नाटकातही. म्हणजे शिस्तीची तालीम आणि धिंगाणा दोन्ही अंगवळणी पडलेले. या दोहोंची सांगड मावशीत बसली.

या नाटकाचे दोन हजारांहून अधिक प्रयोग झाले. आकडा नुसता ऐकून पुढे जाता येते, पण त्याचा अर्थ थोडा उलगडून पाहावा. दोन हजार वेळा दाढी घोटून, साडी-चोळी चढवून, केसांचा टोप घालून रंगमंचावर जायचे. लागून आलेल्या सुट्ट्यांत एकाच दिवशी दोन-दोन, तीन-तीन प्रयोग. फुगडी घालायची, गिरक्या घ्यायच्या, पदर सांभाळायचा, आणि ‘टांग टिंग टिंगा’ला वन्स मोअर आला तर पुन्हा तितक्याच जोमाने नाचायचे. मुंबईचा प्रयोग आटोपून पुण्याच्या प्रयोगासाठी बस निघाली की वाट एकच, हा बोरघाट. द्रुतगती मार्ग होण्यापूर्वीच्या त्या वर्षांत नाटकांच्या कितीतरी बसगाड्या नेपथ्य आणि कपड्यांच्या ट्रंका घेऊन याच लोणावळ्यावरून खालीवर झाल्या. लोणावळ्याच्या आणि तळेगावच्या रसिकाने मात्र व्यावसायिक नाटक पाहावयाचे तर बहुधा चिंचवड वा पुणे गाठावे, ही स्थिती फारशी बदललेली नाही. तळेगावात ‘कलापिनी’सारखी संस्था नाटकाची आवड जोपासत आली, हे आपले भाग्य. पुण्याला मावशी ज्या बालगंधर्व रंगमंदिरात रंगे, तेथेही एक गंमत होतीच. स्त्रीवेषातील आतला पुरुष ज्यांनी पूर्णपणे विसरायला लावला त्यांच्या नावाच्या वास्तूत, पुरुष विसरू न देणारी मावशी हाऊसफुल्ल होत असे.

विजय चव्हाणांनी मावशीत काय केले? त्यांना एका वेळी दोन माणसे दाखवायची होती. एक, मित्रांनी गळी पडून साडीत कोंबलेला, घामाघूम झालेला तरुण. दुसरी, जमलेल्या सर्वांवर वडीलकीचा अधिकार गाजवणारी मावशी. तरुणाचा संकोच कमी होत जातो आणि मावशीचा रुबाब वाढत जातो. शेवटी शेवटी तर ज्यांनी त्याला सोंग घ्यायला लावले, त्यांनाच ती मावशी डोळे वटारते. प्रेक्षकाचे हसू या चढणीवर आहे. नुसती साडी नेसून कंबर हलवली असती तर दहा मिनिटांत ते संपले असते. हे नाटक दोन हजार प्रयोग टिकले, कारण तेथे साडीला कारण होते, साडीला अडचण होती आणि साडीला मुदत होती.

येथे एक प्रश्न सरळ विचारला पाहिजे, कारण आपल्या घरांतील स्त्रियांनीच तो अनेकदा विचारला आहे. हे हसू नेमके कोणावर आहे? बाईवर आहे काय? मावशीपुरते उत्तर स्पष्ट आहे. हसे होते ते खोटे बोलणाऱ्या पोरांचे आणि पैशासाठी पाघळणाऱ्या प्रौढांचे. साडी नेसलेला पुरुष काही काळ बाईच्या जागी उभा राहतो आणि पुरुष बाईशी कसे वागतात, हे त्याला साडीच्या आतून दिसते. टॉमसच्या मूळ नाटकात तर एक सुंदर योजना आहे. खरी आंट येते, पण दुसरे नाव सांगून येते. आपलेच सोंग घेतलेला पुरुष ती समोर बसून पाहते, रागावत नाही, उलट त्याला प्रश्न विचारून अडचणीत आणते आणि मजा घेते. ज्या बाईची नक्कल चालली आहे ती रंगमंचावरच उपस्थित आहे, आणि तिचा वरचष्मा आहे. नक्कल सभ्य राहण्यास याहून मोठा पहारा कोणता?

हा पहारा सुटला की काय होते, त्याचे उदाहरण मराठीतच आहे. गणपत पाटील यांनी तमाशापटांत नाच्या रंगवला आणि इतका अस्सल रंगवला की लोकांनी तोच माणूस खरा मानला. घरी ते संसारी गृहस्थ. बाहेर त्यांच्या पुरुषत्वाविषयी कुजबुज. त्याची झळ त्यांच्या कुटुंबालाही पोहोचली. टाळ्या पडद्यावरच्या नाच्याला आणि टोमणे घरातल्या माणसाला, असा तो व्यवहार होता. २००८ मध्ये ते गेले. २०१० मध्ये आनंद यादवांच्या कादंबरीवरील ‘नटरंग’ चित्रपट आला तेव्हा त्याच प्रेक्षकांनी नाच्याच्या दुःखावर डोळे पुसले. थोडे आधी पुसले असते तर बरे झाले असते. हा प्रकार मराठीपुरता मर्यादितही नाही. हिंदी दूरचित्रवाणीवर दादीच्या भूमिकेत लोकप्रिय झालेल्या अली असगर यांच्या मुलांना शाळेत चिडवले जाई, ही गोष्ट २०२२ मध्ये एका कार्यक्रमात सर्वांसमोर आली. मावशीच्या वाट्याला हे आले नाही, कारण विजय चव्हाणांनी साडीबाहेरही भरपूर काम केले. हवालदार झाले, गावचे बेरकी झाले, बाप झाले. ‘पछाडलेला’, ‘जत्रा’ हे चित्रपट सर्वांना आठवत असतील. शिवाय नाटकातच, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, मावशीचा टोप उतरत होता.

मग दूरचित्रवाणी आली, म्हणजे मावशीच्या दृष्टीने आली. नाटकाची चित्रफीत आधी व्हिडिओ कॅसेटवर, मग व्हीसीडीवर घरोघर पोहोचली. दिवाळीच्या सुट्टीत आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर एकत्र बसून पाहू शकेल, अशा मोजक्या करमणुकींत ती होती, आणि ही गोष्ट लहान नाही. १९८८च्या ‘अशी ही बनवाबनवी’ने हेच केले. तेथेही दोघे मित्र साडी नेसतात ते पुण्यात राहायला जागा मिळावी म्हणून, आणि शेवटी उघडे पडतात. कारण आणि मुदत दोन्ही शाबूत. सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या त्या जोडीला आजची मुलेही नावानिशी ओळखतात.

साप्ताहिक विनोदी कार्यक्रमांचे गणित वेगळे. तेथे आठवड्याला नवा प्रसंग हवा आणि साडी ही हशाची हमखास हुंडी. २०१४ पासून जवळपास दहा वर्षे चाललेल्या ‘चला हवा येऊ द्या’मध्ये भाऊ कदम यांची शांताबाई आली, सागर कारंडे यांची पुणेरी बाई आली. दोघेही कसलेले नट. पुणेरी बाईच्या बोलण्यात निरीक्षण आहे. अशी बाई सदाशिव पेठेत कोणीतरी पाहिलेली असते. याच सागर कारंडे यांनी त्याच मंचावर पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांची पत्रे वाचली आणि लोकांना रडवले, हेही नोंदवले पाहिजे. तक्रार नटांविषयी नाही. तक्रार साडीच्या सवयीविषयी आहे. प्रसंगात स्त्रीवेषाचे कारण नसते, तो उघडकीस येण्याची भीती नसते, सोंग उतरत नाही. पुढच्या भागात ते पुन्हा तसेच येते. श्रेया बुगडे यांच्यासारखी ताकदीची अभिनेत्री त्याच संचात असताना आणखी एका स्त्रीपात्रासाठी पुरुषालाच साडी का, याचे उत्तर ‘लोक हसतात’ एवढेच मिळते. लोक हसतात, हे खरे आहे. पण पहारा करणारी खरी मावशी तेथे बसलेली नसते.

न उतरणाऱ्या सोंगाचे सर्वांत मोठे उदाहरण ऑस्ट्रेलियातले. बॅरी हम्फ्रीज या नटाने १९५५ मध्ये मेलबर्नला एडना नावाची एक उपनगरातील गृहिणी उभी केली. ती रंगमंचावरून दूरचित्रवाणीवर गेली, जगभर गेली, स्वतःला ‘डेम’ म्हणवू लागली, आणि २०२३ मध्ये हम्फ्रीज यांचे निधन होईपर्यंत त्यांच्यासोबत राहिली. एडनाने वेष उतरवला नाही, तरी ती कंटाळवाणी झाली नाही. कारण ती त्यांच्यासोबत वयाने वाढली, घमेंडीने वाढली, आपल्या काळातील ढोंगे बोलून दाखवत राहिली. म्हणजे सोंग दीर्घकाळ चालवायचे तर त्याला स्वतःचे आयुष्य द्यावे लागते. आपल्या वाहिन्यांना त्या आयुष्याला लागणारा वेळ परवडत नाही. मालिकेच्या लेखकाला सोमवारी विषय सुचतो आणि गुरुवारी चित्रीकरण उरकायचे असते.

विजय चव्हाणांना हा वेळ मिळाला होता. पहिल्या प्रयोगाला ते तिशीचे होते. शंभरावा प्रयोग, पाचशेवा, हजारावा. दर वेळी समोर नवे प्रेक्षक, आणि त्यातच कालचे काही पुन्हा आलेले, ज्यांना पुढचे वाक्य पाठ असे. पाठ असूनही ते हसत. पुढे भरत जाधव यांनी मावशीची भूमिका केली. ज्यांच्या बरोबरीने विजय चव्हाण ‘श्रीमंत दामोदर पंत’मध्ये उभे राहिले होते, त्यांच्याकडेच ती साडी गेली. बापूराव मान्यांकडून विजय चव्हाणांकडे आणि तेथून भरत जाधवांकडे, असा हा वारसा. आपल्याकडे घराण्याची गायकी असते तशी ही घराण्याची मावशी म्हणावी काय?

२०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने विजय चव्हाणांना चित्रपती व्ही. शांताराम जीवनगौरव पुरस्कार दिला. फुप्फुसाच्या विकाराने ते तेव्हा थकले होते. ज्या श्वासावर दोन हजार प्रयोगांतील फुगड्या पेलल्या, तोच कमी पडू लागला होता. त्याच वर्षी २४ ऑगस्टला ते गेले. प्रदीप पटवर्धन २०२२ च्या ऑगस्टमध्ये गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रशांत दामले यांनी आपल्या कारकिर्दीतील साडेबारा हजारावा प्रयोग केला. विजय चव्हाणांच्या निधनाची बातमी दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत आली, तेव्हा त्यांच्या कितीतरी चित्रपटांची नावे त्यात होती, पण मथळ्यांत मावशीच होती.